बर्फाआधीचे दहा महिने

भोसले घाटाच्या पायऱ्यांवर पहाटे साडेचारला दोन काठ्या टेकत उड्या मारत वर जाणारी मुलगी दिसली की नावाडी मला विचारायचे, हिच्या पायाला काय झालं? ती माझी भाची. मूळची नागपूरची, लहानपणापासून चाकांच्या स्केट्सवर वाढलेली, आता शिक्षणासाठी काशीला माझ्याकडे राहते. पायाला काही झालेलं नाही. तिला क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत उतरायचं आहे, आणि त्या काठ्या म्हणजे स्कीचे पोल. गेल्या दोन वर्षांत तिच्यासाठी मला बरंच शोधावं लागलं, काही ठिकाणी आम्ही चुकलोही. नागपूर, पुणे, नाशिकहून ओळखीतले पालक फोन करतात आणि प्रश्न तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक फरक नीट समजून घ्या, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली. ‘स्कीइंग’ म्हटलं की डोळ्यांसमोर डोंगरउतारावरून झपाट्याने खाली येणारा माणूस येतो. ते अल्पाइन. त्यात बुटाची टाच स्कीला घट्ट बांधलेली असते आणि वर जायला दोरवाट असते. क्रॉस-कंट्रीत बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला अडकतो, टाच मोकळी राहते, स्की अरुंद आणि हलक्या असतात, आणि चढ असो, सपाटी असो की उतार, स्वतःच्या हातापायांच्या जोरावर पुढे जायचं असतं. आम्ही तिला उत्तरेतल्या एका संस्थेच्या दोन आठवड्यांच्या वर्गाला मोठ्या हौसेने पाठवलं. ती आनंदाने परतली, पण शिकून आली होती अल्पाइन. दोष तसा आमचा, आम्ही विचारलंच नव्हतं. तुम्ही पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: टाच मोकळी की बांधलेली? पुढचा प्रश्न: शिकवणाऱ्याने स्वतः क्रॉस-कंट्रीच्या शर्यती केल्या आहेत का?

या खेळाच्या चालीही दोन आहेत. क्लासिकमध्ये दोन्ही स्की समांतर चालतात, बर्फात आखलेल्या खोबणींतून, जणू लांब ढांगांचं चालणं. दुसरी चाल स्केटिंगची, हिला शर्यतीत ‘फ्री’ म्हणतात. त्यात स्की इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरक्या टाकत कडेने रेटा द्यायचा. आंतरराष्ट्रीय खेळाडूला दोन्ही यायला लागतात. अलीकडे स्त्री-पुरुषांची अंतरं सारखी झाली आहेत, १०, २० आणि ५० किलोमीटर. २०२६च्या मिलान-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा समान होती.

आता सगळ्यांचा मुख्य प्रश्न. आपल्याकडे बर्फ नाही, मग हे जमणार कसं?

मी दोन वर्षांपूर्वी याचं उत्तर ‘जमणार नाही’ असं दिलं असतं. आज माझं मत वेगळं आहे. या खेळातला माणूस बर्फावर घडतो त्याहून जास्त बर्फाबाहेर घडतो. नॉर्वे, फिनलंड, स्वीडनचे अव्वल खेळाडू वर्षाला साधारण ७५० ते ९५० तास सराव करतात. त्यातला मोठा भाग उन्हाळ्यात आणि शरदात होतो, धावून, डोंगर चढून, चाकांच्या स्कीवर. त्यांचं सरावाचं वर्ष सुरू होतं १ मेला. आपल्या महाराष्ट्र दिनी. मला हा योगायोग फार आवडतो, आणि घरच्या सरावाच्या वहीचं पहिलं पान आम्ही त्याच दिवशी लिहितो. मे ते ऑक्टोबरमधल्या सरावाला बर्फ लागतच नाही. म्हणजे या खेळाचं जे सगळ्यात मोठं भांडवल, हृदय, फुप्फुसं आणि चिवट स्नायू, ते नागपुरातही जमवता येतं, साताऱ्यातही आणि काशीच्या घाटावरही. बर्फावर जाऊन विकत घ्यावं लागतं ते तंत्र. आपल्याकडचे बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. शरीर तयार नसताना बर्फावर पैसे खर्च करतात, तिथल्या विरळ हवेत दुसऱ्या दिवशी धाप लागून बसतात, आणि परत येऊन म्हणतात, हा आपला खेळ नव्हे.

तर आधी शरीर. त्यातही आधी सावकाश. अव्वल खेळाडूंच्या सरावातले तीन चतुर्थांशाहून जास्त तास हे सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या हळू वेगात जातात. आपल्या मुलांना हे पटवणं सगळ्यात अवघड. शाळेपासून त्यांना शिकवलेलं असतं की धाप लागली नाही तर व्यायाम झालाच नाही. भाचीला पहिले चार महिने मी फक्त एकच नियम दिला होता: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मणिकर्णिका घाटाच्या अलीकडून पंचगंगा घाटापर्यंत ती माझ्याशी बोलत जायची, धावणं कमी आणि बडबड जास्त. चौथ्या महिन्यात त्याच नाडीच्या ठोक्यांवर तिचा वेग आपोआप वाढला होता. आठवड्यातून दोन दिवस जोरकस सराव पुरतो: चार-चार मिनिटांचे चार किंवा पाच चढ, मधे तीन मिनिटं उतार चालत. सुरुवातीच्या मुलामुलीने वर्षाला ३०० तासांपासून आरंभ करावा आणि दरवर्षी थोडी भर घालावी. एकदम ६०० तासांची वही लिहायला घेतली तर गुडघे आधी बोलतात.

चढाचं महत्त्व यात फार आहे. शर्यतीचा मार्ग आखताना साधारण एक तृतीयांश चढ, एक तृतीयांश उतार आणि बाकीचा लहरत जाणारा भाग ठेवायचा असा संकेत आहे. उतार चटकन सरतो, चढ सरत नाही. म्हणून खेळाडूचा निम्म्याहून जास्त वेळ चढावर जातो आणि शर्यतीचा निकाल तिथेच लागतो. नॉर्वेत पोल घेऊन चढावर लांब झेपा टाकत जाण्याचा एक प्रकार आहे. त्याचं तिथलं नाव एल्गहुफ्स, एल्ग या मोठ्या हरणाच्या चालीवरून पडलेलं. डाव्या पायाच्या झेपेला उजवा पोल, उजव्या झेपेला डावा. कंबर पुढे, टाच टेकवायची नाही. भाची पायऱ्यांवर करते ते हेच.

भोसले घाट त्यासाठी बरा आहे. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला हा घाट. वर दगडी भिंतींचा भक्कम वाडा, लक्ष्मीनारायणाचं मंदिर, यमेश्वर आणि यमादित्य. नागपूरच्या मुलीला तो माहेरचा वाटतो हे खरं, पण मी तो निवडला गर्दी कमी म्हणून. तुम्ही घाटावर, गडावर किंवा टेकडीवर सराव करणार असाल तर चार गोष्टी सांगते. पायऱ्या झेपेची लांबी ठरवून टाकतात, म्हणून आठवड्यातला किमान एक चढ मातीच्या उतारावर करा. पुण्याच्या लोकांना सिंहगडाची वाट आहे. पायऱ्यांवरून धावत उतरू नका, चालत उतरा. पोलच्या टोकाला रबरी बूच लावा. दगडावर धातूचं टोक घसरतं आणि मनगटाला हिसका बसतो. आणि चौथं इथल्यापुरतं, पण नदीकाठच्या सगळ्यांना लागू: पावसाळ्यात गंगा पायऱ्या गिळते, आणि पाणी ओसरल्यावर जो गाळ राहतो तो धुऊन निघून दगड वाळेपर्यंत पाय ठेवायचा नाही. ते दोन-तीन महिने आम्ही वरच्या रस्त्यावर आणि घरात काढतो.

घरात काय? हात. ‘स्की म्हणजे पायाचा खेळ’ हा आणखी एक गैरसमज. क्लासिकमध्ये दोन्ही पोल एकदम टेकून शरीर पुढे ओढायचं असतं, त्याला डबल पोलिंग म्हणतात. काही लांब शर्यती लोक जवळजवळ पूर्ण त्यावरच संपवतात. त्याला पोट, पाठीचे रुंद स्नायू आणि दंड लागतात. इथे आपण मराठी माणसं उपाशी नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या घडवली आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने ती काशीतही रुजली. दोरीचा मल्लखांब, ओढीचे व्यायाम, जोर, बैठका, मुद्गल: बर्फाच्या देशातल्या व्यायामशाळेत जी यंत्रं ठेवलेली असतात, त्यांचं बरंचसं काम यात होतं. मल्लखांब केलेली मुलं-मुली या खेळाकडे वळली तर मला मनापासून आनंद होईल. वजनाच्या मानाने त्यांचे हात विलक्षण ताकदवान असतात आणि शरीराचा तोल त्यांना शिकवावा लागत नाही.

शरीराला वर्षभराचा पाया मिळाला की मग रोलर स्की. सुमारे दोन फुटांची पट्टी, पुढे-मागे एकेक चाक, त्यावर खरे स्कीचे बूट. हिला ब्रेक नसतो. हे वाक्य पालकांनी दोनदा वाचावं. हेल्मेट, हातमोजे, भडक रंगाचं जाकीट याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. सुरुवातीला पूर्ण सपाट रस्ता, आणि उतार असलाच तर त्याच्या शेवटी लांब सपाटी हवी. घाटाचे दगड यासाठी निरुपयोगी आहेत. आम्ही शहराबाहेरच्या नव्या डांबरी रस्त्यावर उजाडताना जातो, मी मागून स्कूटरवर. चाकं निवडताना हळू फिरणारी घ्या. वेगवान चाकांवर मुलं खूश होतात पण हातापायांना काम होत नाही. बूट पायाला नीट बसणारे असले पाहिजेत, त्यात तडजोड नको. पोलची लांबी क्लासिकला उंचीच्या सुमारे ८४ टक्के आणि स्केटिंगला सुमारे ९० टक्के धरावी. बाकी सामान सुरुवातीला जुनं चालतं.

महाराष्ट्रात चाकांच्या स्केट्सवर वाढलेली मुलं भरपूर आहेत. नागपूर-पुण्यात तर पहाटे मैदानं भरलेली असतात. या मुलांना स्केटिंगची चाल लवकर येते, पण दोन सवयी सोडाव्या लागतात. ट्रॅकवरचा स्केटर खोल बसतो. स्कीवर कंबर उंच आणि पुढे ठेवायची. आणि स्केटरला रेटा घाईने मारायची सवय असते. इथे एका स्कीवर पूर्ण वजन टाकून थांबायचं, घसरू द्यायचं, मग दुसरा पाय. भाचीला हे कळायला सहा महिने लागले. मी तिला एकेका पायावर उभं राहून दात घासायला सांगायची.

आता बर्फ. भारतात त्यासाठी मुख्य नावं गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचं सोलंग. गुलमर्गला लष्कराचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल आहे आणि पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहणाची संस्था. पहलगामला जवाहर इन्स्टिट्यूट. औलीला इंडो-तिबेटियन बॉर्डर पोलिसांची संस्था. मनालीला अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची गिर्यारोहण संस्था. जानेवारी-फेब्रुवारी हा काळ. पहिल्या हंगामात किमान चार आठवडे सलग राहता आलं तरच जा. दहा दिवसांत तोल येतो, चाल येत नाही. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पहिले चार-पाच दिवस फक्त हळू. त्या उंचीवर सपाटीवरच्या वेगाने जायचा हट्ट केला की पुढचा आठवडा अंथरुणात जातो, हे आम्ही अनुभवलं आहे.

उंचीचा आणखी एक परिणाम फार कमी जणांना ठाऊक असतो. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघ, ज्याला सगळे ‘फिस’ म्हणतात, त्याच्या नियमांत क्रॉस-कंट्रीच्या मार्गाची उंची सर्वसाधारणपणे १,८०० मीटरच्या आत ठेवलेली आहे. आपली बर्फाची ठिकाणं त्याच्या कितीतरी वर. म्हणून देशात कितीही पदकं मिळवली तरी आंतरराष्ट्रीय गुण मिळवायला परदेशी जावंच लागतं, आणि घरच्या अंदाजपत्रकातला सगळ्यात मोठा आकडा हाच असतो.

हे गुण नीट समजून घ्या, कारण या कारकिर्दीचं चलन तेच आहे. फिसचे गुण जितके कमी तितके चांगले. शून्य म्हणजे सर्वोत्तम. एकेकट्याने सुटायच्या शर्यतीत तुमचा वेळ भागिले विजेत्याचा वेळ, त्यातून १ वजा, गुणिले ८००. त्यात त्या शर्यतीचा ‘दंड’ मिळवतात. पुढच्या नंबरांत तगडे खेळाडू असतील तर दंड कमी, कमकुवत असतील तर जास्त. लांब अंतराच्या यादीत वर्षभरातल्या तुमच्या सर्वोत्तम पाच शर्यतींची सरासरी धरतात. आणि ज्या देशाकडे मोठे खेळाडू नाहीत त्याला ऑलिंपिकमध्ये एक पुरुष आणि एक स्त्री पाठवता येते, त्यासाठी अलीकडच्या ऑलिंपिकना अट राहिली ती ३०० गुणांच्या आत असण्याची.

उदाहरण घ्या. १० किलोमीटरची शर्यत, विजेतीचा वेळ २५ मिनिटं, दंड ८०. तुम्ही ३० मिनिटांत आलात तर १६० अधिक ८०, म्हणजे २४०. आत. तुम्ही ३२ मिनिटांत आलात तर २२४ अधिक ८०, म्हणजे ३०४. बाहेर. दोन मिनिटांवर ऑलिंपिक आलं. नेमकी सीमा निघते ३१ मिनिटं ५२ सेकंदांवर. भाचीने तो आकडा पोलच्या मुठीवर चिकटवला आहे. खऱ्या शर्यतीशी ताडून पाहायचं तर २०१८चं प्योंगचांग घ्या. लष्कराचा जगदीश सिंग १५ किलोमीटर फ्रीमध्ये सुमारे ४३ मिनिटांत आला, १०३वा. विजेता स्वित्झर्लंडचा दारिओ कोलोन्या, ३३ मिनिटं ४३.९ सेकंद. सूत्रात घाला, साधारण २२० येतात. आपल्याकडे १०३वा क्रमांक ऐकून लोक हसले होते. मला त्या आकड्यात वर्षानुवर्षांचे तास दिसतात.

त्याच शर्यतीत टोंगाचा पिता तौफातोफुआ होता, उष्ण कटिबंधातल्या बेटांचा माणूस. त्याने गुण बरेचसे रोलर स्कीच्या मान्यताप्राप्त शर्यतींतून जमवले आणि बर्फावरचा हवा असलेला निकाल शेवटी आइसलंडच्या ईसाफ्योर्दुर गावात मिळवला. रोलर स्कीच्या शर्यती किती धरायच्या याचे नियम त्यानंतर बदलत आले आहेत, म्हणून दर हंगामाच्या आरंभी नियमपुस्तक स्वतः उघडून वाचा. कोणी सांगितलं म्हणून विमानाचं तिकीट काढू नका.

शर्यतींचं वेळापत्रक आखताना दक्षिण गोलार्ध विसरू नका. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिली, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला बर्फ असतो आणि शर्यती छोट्या असतात. कर्नाटकातल्या कोडगूची भवानी तेक्कडा नंजुंडा हिने २०२५मध्ये चिलीच्या कोरालको इथे ५ किलोमीटर फ्रीमध्ये कांस्य मिळवलं, क्रॉस-कंट्रीतलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. कोडगू म्हणजे कॉफीचे मळे आणि पाऊस. तिथे बर्फ कुठला? ती एनसीसी आणि गिर्यारोहणातून या खेळात आली, गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत कर्नाटकासाठी सुवर्णपदकं जिंकली, २०२३मध्ये प्लानित्साच्या जागतिक स्पर्धेत उतरली. मराठी मुलामुलींपुढे ठेवायचं उदाहरण मला तिच्याहून जवळचं सापडलेलं नाही. महाराष्ट्राला या हिवाळी स्पर्धांत पदकं मिळतात, पण ती प्रामुख्याने बर्फावरच्या स्केटिंगमधली. नॉर्डिक स्कीची, म्हणजे क्रॉस-कंट्रीची, जागा अजून बरीचशी रिकामी आहे, आणि रिकाम्या जागेत सुरुवात करणाऱ्याला राज्याच्या संघात यायला तुलनेने कमी वर्षं लागतात. या संधीकडे दुर्लक्ष करू नका. मुलगा-मुलगी आठवी-नववीत असेल तर एनसीसीत नाव घाला.

कागदपत्रांबद्दल कळकळीने सांगते. परवाना, म्हणजे फिसची नोंदणी, फक्त राष्ट्रीय महासंघामार्फत होते. भारतात हे काम आता स्की अँड स्नोबोर्ड इंडिया पाहतं. शर्यतीची नोंदणीही महासंघच पाठवतो, खेळाडू परस्पर पाठवू शकत नाही. फिसचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून अर्ज मे-जूनमध्येच द्या. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, प्रत्येक निकालाची छापील प्रत ठेवा. आमची एक आख्खी शर्यत बुडाली, कारण कोणाच्या तरी टेबलावर अर्ज राहिला आणि आम्ही आठवण केली नाही. खेळाडूच्या हातात नसलेल्या गोष्टी याहून मोठ्याही असतात. २०१४च्या सोची ऑलिंपिकच्या आरंभी भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती आणि आपले खेळाडू तिरंग्याविना आत चालत गेले. ११ फेब्रुवारीला निलंबन उठलं. राजौरीचा नदीम इक्बाल तीन दिवसांनी १५ किलोमीटर क्लासिकला उभा राहिला तेव्हा छातीवर देशाचं नाव होतं.

आता पोटापाण्याचं. २०१०पासून ऑलिंपिकला गेलेले आपले क्रॉस-कंट्रीवाले कोण, ते पाहा: २०१०ला लडाखचा ताशी लुंडुप, २०१४ला नदीम इक्बाल, २०१८ला जगदीश सिंग, २०२६ला स्टॅन्झिन लुंडुप. सगळे लष्कराचे. पगार, बर्फ, प्रशिक्षक आणि सोबती हे चारही एका छताखाली देणारी जागा आपल्या देशात ती एकच आहे. निमलष्करी दलांचेही संघ आहेत. सैन्यात जायची मनापासून इच्छा असेल तर तो सरळ रस्ता आहे. फक्त स्कीसाठी सैन्य निवडू नका, कारण नेमणूक कुठे होईल हे तुम्ही ठरवत नाही. नागरी खेळाडूने शिक्षण सोडायचं नाही. या बाबतीत मी अजिबात लवचीक नाही. बक्षिसांवर इथे घर चालत नाही. महाराष्ट्रात राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे; आपला प्रकार आणि कोणत्या स्तराची स्पर्धा त्यात बसते हे शासननिर्णय वाचून आधी तपासा, पदक मिळाल्यावर नव्हे. या खेळात माणूस साधारण तिशीच्या आसपास शिखरावर पोहोचतो, म्हणून पदवी पूर्ण करायला वेळ असतो. दूरशिक्षण, बाहेरून परीक्षा, जे जमेल ते.

परदेशी राहणाऱ्या मराठी घरांसाठी हे सगळं कितीतरी सोपं आहे. मिनेसोटात नॉर्डिक स्की हा शाळेचा खेळ आहे, विस्कॉन्सिनला बर्कबायनर ही लांब शर्यत भरते, ऑस्ट्रेलियात मेलबर्नहून काही तासांवर फॉल्स क्रीक आहे. तिथली मराठी मुलं बॅडमिंटन आणि पोहण्यात दिसतात, बर्फाच्या क्लबात क्वचित. थंडीच्या भीतीने मुलाला घरात ठेवू नका. फिसच्या शर्यतीही उणे २० अंशांखाली भरवत नाहीत, आणि चलत्या अंगाला तीन पातळ थर पुरतात.

तब्येतीचं थोडक्यात. मुलींचं हिमोग्लोबिन आणि लोह वर्षातून दोनदा तपासा. पाळी थांबली तर ते कष्टाचं लक्षण मानून सोडून देऊ नका, जेवण कमी पडतंय असं समजून डॉक्टरांकडे जा. कोरड्या थंड हवेने दमा जागा होतो. इन्हेलर लागत असेल तर उत्तेजक-विरोधी नियम आधी वाचा. शक्तिवर्धक चूर्ण, भस्म, जिमवाल्याची पावडर यांतलं काहीही राष्ट्रीय उत्तेजक-विरोधी संस्थेचे, नाडाचे, नियम पाहिल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही. डब्यावर ‘आयुर्वेदिक’ लिहिलं असलं तरी जबाबदारी खेळाडूची.

पालक शेवटी विचारतात, नंबर किती येईल? पहिली तीन-चार वर्षं शेवटून पहिला येईल. त्याची तयारी घरात आधी करा, म्हणजे मुलीला परक्या देशात एकटीने ती करावी लागणार नाही. १९९८ला नागानोत केनियाचा फिलिप बॉइट १० किलोमीटर क्लासिकमध्ये ९२वा, शेवटचा आला. दोन वर्षांपूर्वी त्याने बर्फ पाहिलाही नव्हता. विजेता ब्यॉर्न डेली पदकसमारंभ थांबवून त्याच्यासाठी शेवटच्या रेषेशी उभा राहिला आणि त्याने त्याला मिठी मारली. बॉइट पुढे २००२ आणि २००६ लाही उतरला, आणि आपल्या मुलाचं नाव त्याने डेली ठेवलं. ही गोष्ट मी भाचीला पहिल्या हंगामाआधी सांगितली होती. परत आल्यावर ती म्हणाली, मावशी, मी शेवटून दुसरी आले.

या वर्षीची वही १ मेला उघडली. आजपर्यंत १६४ तास झाले आहेत. गंगा चढते आहे, भोसले घाटाच्या खालच्या पायऱ्या परवा बुडाल्या, म्हणून उद्यापासून दोरीचा मल्लखांब आणि डांबरी रस्ता. पाणी उतरून गाळ धुतला गेला की पुन्हा साडेचारचा गजर लावू.